मानसशास्त्राला आकडे कशाला हवेत?

मनाचे माप घेता येत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. कापूस काट्यावर घालता येतो. जिनिंगमधून निघालेली रुई वेगळी आणि सरकी वेगळी तोलता येते. परंतु कर्जाच्या नोटिशीने घरधन्याच्या जिवाला लागलेला घोर कोणत्या मापाने मोजावयाचा? म्हणून मानसशास्त्रात आकडे आले की पुष्कळांना वाटते, झाले, यांनी माणसाचे यंत्र केले. हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. मात्र त्याचा रोख चुकतो, असे मला दाखवावयाचे आहे. संख्याशास्त्राचे मुख्य काम मनाला तोलण्याचे नव्हेच. मनाविषयी जो कोणी काही विधान करतो, त्या विधानावर किती भरवसा ठेवावा, हे तोलण्याचे ते काम आहे.

आणि अशी विधाने निरुपद्रवी नसतात. ‘विदर्भातला शेतकरी मनाने दुबळा आहे,’ ‘हा कामगार स्वभावानेच अपघाती आहे,’ ‘या पोराची बुद्धी मंद आहे,’ ही तिन्ही विधाने मनाविषयीची आहेत. पहिल्याने सरकारचे धोरण ठरते, दुसऱ्याने एखाद्याची नोकरी जाते, तिसऱ्याने एखाद्या मुलाची शाळा तुटते. कामगार संघटनेच्या कामात मी एक गोष्ट नेहमी पाहत आलो. मजुरीविषयी कोणी काही म्हटले, की आपण ताबडतोब हजेरीपट मागतो. मनाविषयी म्हटले, की नुसती मान डोलावतो. हजेरीपट येथेही मागितला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. १९८६ साली महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपविले. त्या स्मृतीने अलीकडची काही वर्षे १९ मार्चला ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. अशी एक घटना समाजाला जागे करते, आणि ते तिचे काम मोठेच आहे. परंतु एका घटनेवरून कारण सिद्ध होत नाही. कोणी म्हणतो कर्ज, कोणी म्हणतो दारू, कोणी म्हणतो घरातला कलह, कोणी म्हणतो मनाचा आजार. त्या एका घरात हे सारे थोडेथोडे सापडू शकते, आणि ज्याला जे पाहिजे ते तो उचलतो.

बरे, एक घर सोडून शंभर घरे पाहिली, तर प्रश्न सुटेल काय? समजा, एक अभ्यासक आत्महत्या झालेल्या शंभर घरी गेला आणि त्याला त्यांपैकी पंच्याऐंशी घरे कर्जात बुडालेली आढळली. ‘कर्ज हेच कारण’ असे तो लगेच म्हणेल. आपण त्याला विचारले पाहिजे, की त्याच गावांत, तेवढ्याच जमिनीचे, तशीच कोरडवाहू शेती करणारे जे शेजारी जिवंत आहेत, त्यांच्यापैकी किती जण कर्जात आहेत? तेही शंभरांत पंच्याऐंशीच निघाले, तर नुसत्या कर्जाने काहीच उलगडत नाही. ते केवळ तीस निघाले, तर मात्र कर्जावरचा आरोप बळकट झाला. म्हणजे खण चार आहेत: गेलेले कर्जदार, गेलेले बिनकर्जी, जिवंत कर्जदार आणि जिवंत बिनकर्जी. यांतला पहिलाच खण उघडून निकाल देणारा मनुष्य चौथाई साक्ष ऐकून फैसला करणाऱ्या न्यायाधीशासारखा होय. दारूविषयी बोलतानाही हाच नियम लावावा. गेलेला मनुष्य पीत होता, एवढ्याने भागत नाही. न गेलेले किती पीत होते, तेही सांगा.

आनंदाची गोष्ट अशी, की हे काम आपल्या भागात झालेले आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजीत मिश्र यांनी २००६ साली महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील घरांची पाहणी होती. आत्महत्या झालेल्या घरांशेजारी त्यांनी तशी घटना न घडलेली घरेही तुलनेसाठी घेतली. गेलेल्यांच्या घरी कर्ज सर्रास होते, हे तर दिसलेच; पण तुलनेच्या घरांपेक्षा त्यांच्या डोक्यावरची थकबाकी सरासरीने कितीतरी जास्त होती, हेही दिसले. आता ‘कर्ज काय, सर्वांनाच असते, हे मनाचे दुबळे होते’ असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येते. ते उत्तर आपल्या कळकळीने दिलेले नाही. तुलनेच्या घरांनी दिलेले आहे. कळकळ आपल्याजवळ आधीही होती, पण वादात ती पुरी पडत नव्हती.

येथे आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे सरकारी मदतीसाठी आत्महत्येची प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वेगळी केली जातात. स्वतःच्या वा कुटुंबाच्या नावावर शेती असणे आणि मान्य संस्थेचे कर्ज थकलेले असणे, अशा त्यांतल्या कसोट्या आहेत. आता एखाद्याने केवळ पात्र प्रकरणांच्या फायली चाळून ‘सर्वच्या सर्व कर्जबाजारी होते’ असा शोध लावला, तर तो शोध शेतकऱ्याच्या मनाचा नसून फाईल आत घेणाऱ्या दाराचा आहे. कर्ज असल्यावाचून फाईल तेथे आलीच नसती. आणि जी बाई आयुष्यभर शेतात राबली, पण सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, ती त्या गठ्ठ्यात कोठे सापडणार? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयानेही २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर यांची गणना वेगवेगळी सुरू केली. त्यामुळे आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा सरळ शेजारी ठेवता येत नाही. म्हणून आकडा हाती आला, की प्रथम विचारावे, तो कोणत्या दाराने आत आला?

आता कामगारांकडे वळू. एखाद्या कारखान्यात शंभर कामगार आहेत आणि वर्षाला लहानमोठे शंभर अपघात होतात, असे धरा. सर्वांचे काम सारखे, सावधपणा सारखा, यंत्रे सारखी. अपघात कोणाच्या वाट्याला यावा हे निव्वळ यदृच्छेवर सोडलेले. मग प्रत्येकाच्या वाट्याला एकेक अपघात येईल काय? मुळीच नाही. गणित असे सांगते, की सुमारे ३७ जणांना वर्षभरात एकही अपघात होणार नाही, ३७ जणांना एक होईल, १८ जणांना दोन, ६ जणांना तीन, आणि उरलेल्या दोघांना चार किंवा त्याहून अधिक. म्हणजे केवळ आठ माणसांच्या नावावर जवळजवळ २६ अपघात जमा होतील. व्यवस्थापक वही उघडून म्हणेल, ‘पाहा, आठ टक्के लोक चौथाई अपघात करतात. यांच्या मनातच काही दोष आहे. यांना काढा.’ आणि आपण तर आरंभीच ठरविले होते, की शंभर जणांत तिळमात्र फरक नाही! त्या आठांना काढून नवे आठ आणले, तरी पुढील वर्षी दुसऱ्याच आठ जणांची नावे वर येतील.

हा हिशेब माझा नव्हे. १९१९ साली इंग्लंडमध्ये ग्रीनवुड आणि वुड्स या दोघांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्री-कामगारांचे अपघात तपासताना हीच रीत वापरली. नुसत्या यदृच्छेने काय दिसले असते, ते त्यांनी आधी मांडले आणि मग प्रत्यक्ष आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. त्यांना यदृच्छेपेक्षा जास्त विषमता आढळली, हे खरे. पण पुढे त्यावरून ‘अपघाती स्वभाव’ नावाची जी कल्पना रूढ झाली, तिच्यावर टीकाकारांनी रास्त हरकत घेतली. सर्वांच्या वाट्याला सारखा धोका असतो हे ठरवल्याखेरीज माणसाच्या स्वभावाला बोल लावता येत नाही. एक जण जिनच्या फिरत्या रोलरपाशी आणि दुसरा गोदामात गाठी मोजायला, अशा दोघांच्या अपघातांची तुलना करून मन कळत नाही. यंत्र मात्र कळते.

यदृच्छेचा असाच एक खेळ उपचारांच्या बाबतीत चालतो, आणि तो फार शहाण्या माणसांनाही चकवितो. कापसाच्या वेचणीला बायका जातात. प्रत्येकीची वेचणी रोज थोडी मागेपुढे होते. ऊन, बोंडांची फूट, अंगातली कणकण, पदरचे लेकरू, सारे त्यात असते. आज जिची वेचणी सर्वांत कमी भरली, तिला मुकादम रागावतो. उद्या तिची वेचणी बहुधा वाढते. मुकादम समजतो, रागावण्याचा गुण आला. आज जिची सर्वांत जास्त भरली, तिची त्याने वाहवा केली आणि उद्या तिची कमी भरली, तर तो समजतो, बायका स्तुतीने चढतात. वस्तुतः फार खाली गेलेला आकडा पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीकडे वर येतो, आणि फार वर गेलेला खाली येतो. त्याला रागही नको आणि स्तुतीही नको. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाने इस्रायलच्या विमानदलातील शिक्षकांमध्ये नेमका हाच भ्रम पाहिला होता. उमेदवार रागावण्याने सुधारतात, अशी त्या शिक्षकांची पक्की खात्री झालेली होती.

मनाच्या दुखण्यात तर हे पदोपदी घडते. मनुष्य वैद्याकडे किंवा भगताकडे केव्हा जातो? अगदी असह्य झाले म्हणजे. त्यानंतर पुष्कळांना काळानेच थोडा उतार पडतो, आणि श्रेय जाते शेवटच्या उपायाला; मग तो गंडा असो वा गोळी असो. उपायाचे खरे श्रेय कसे काढावे, याचा नमुना आपल्या शेजारच्या गोव्यात मिळतो. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी रुग्णांशी काही बैठकांत बोलावयाचे आणि त्यांना हळूहळू नित्याच्या, मनाला उभारी देणाऱ्या कामांकडे परत न्यावयाचे, असा तो उपचार होता. कोणाला हा उपचार मिळावा आणि कोणाला केंद्रातील नेहमीची काळजी, हे कोणाच्या मर्जीवर ठेवले नाही; चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरविले. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले होते.

नुसता ६४ हा आकडा वाचला असता, तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या. पण दुसऱ्या गटातही ३९ टक्के लोक सुधारले होते. म्हणून उपचाराचे स्वतःचे श्रेय ६४ नव्हे, तर ६४ आणि ३९ यांतील अंतर, म्हणजे शंभरामागे २५ माणसे. ही काही थोडी कमाई नव्हे! किंबहुना दुसरा गट होता म्हणूनच ही कमाई कोणाला नाकारता येत नाही. येथे चिठ्ठीचे महत्त्व ध्यानात घ्यावे. डॉक्टरने आपल्या मनाने निवड केली असती, तर बरे होण्याजोगे रुग्ण नकळत एका बाजूला गेले असते. चिठ्ठीला कोणी आवडते नसते.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्याचे निष्कर्षही २०१७ साली आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी शंभरांत ४.३ होते, दीड वर्षानंतर ते २७.२ झाले. एवढी मोठी झेप यदृच्छेने पडत नाही. मदत दाराशी आणली तर खेड्यातला मनुष्य ती घेतो, हे त्यातून कळले, आणि ‘आमचे लोक मनाचे दुखणे बोलतच नाहीत’ ही सबब लंगडी पडली. मात्र दुखणेच किती घटले आणि ते या उपक्रमाने किती घटले, असे कोणी विचारल्यास आधी-नंतरची तुलना पुरत नाही. पाऊस, कापसाचा भाव, कर्जमाफी याही गोष्टी मधल्या काळात बदलतात. उपक्रम न पोचलेली शेजारची गावे त्यासाठी सोबत पाहावी लागतात. २०१५ साली यवतमाळ जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, त्याच वर्षी प्रेरणा प्रकल्पही आला. अशा प्रत्येक योजनेला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे. तो योजनेच्या द्वेषाने नव्हे, तर उपयोगी योजना बंद पडू नये आणि निरुपयोगी योजनेवर पैसा व आशा वाया जाऊ नये म्हणून.

आता मापाच्या पट्टीविषयी. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. पुढे १९१६ साली अमेरिकेत टर्मनने ती तेथील मुलांसाठी सुधारून घेतली. ती जशीच्या तशी भाषांतर करून आपल्या मुलांना लावली असती, तर काय झाले असते? आमच्या मुलाने न पाहिलेली वस्तू, न ऐकलेला शब्द, आणि त्यावरून बुद्धीचा निवाडा! धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी हा धोका ओळखला. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या हजाराहून अधिक मुलांना प्रश्न विचारून, कोणत्या वयाची आपल्याकडची मुले कोणता प्रश्न सोडवितात, ते त्यांनी काढले आणि त्यावरून पट्टी बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही ओळखली जाते. मूल ‘मागे’ आहे असे म्हणताना कोणाच्या मागे, हे सांगावेच लागते, आणि ते हजार मुले मोजल्यावाचून सांगता येत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २००८ साली आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्याच देशातील प्रमुख नियतकालिके तपासून दाखविले, की त्यांतील संशोधनात भाग घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा सुमारे १२ टक्के. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, ती बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा ‘मनुष्याचे मन असे असते’ हे वाक्य वाचताना, कोणता मनुष्य, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कसोटी चांगली असली तरी तिचा निकाल सावधपणे वाचावा लागतो. समजा, हजार वस्तीच्या गावात पन्नास जणांना नैराश्य आहे. घरोघरी नेलेली प्रश्नावली आजाऱ्यांपैकी शंभरांत नव्वदांना पकडते आणि निरोग्यांपैकी शंभरांत दहांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला ती उत्तम वाटते. पण हिशेब करा. पन्नासांतले पंचेचाळीस सापडले. आणि साडेनऊशे निरोग्यांपैकी पंच्याण्णवांवर उगाच बोट ठेवले गेले. म्हणजे बोट ठेवलेल्या १४० जणांपैकी दोन-तृतीयांश लोक निरोगी आहेत. यावरून प्रश्नावली टाकून द्यावी असे नव्हे. ती पुढच्या तपासणीचे निमंत्रण आहे, निकालपत्र नव्हे, एवढेच समजावे. गावात हा फरक समजला नाही, तर मदतीसाठी आलेल्या कागदाचा शिक्का होतो.

शेवटी, आकडे थोडे असले म्हणजे काय होते त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ साली पाच तरुण मुलींना वेगळ्या खोलीत बसवून सुट्ट्यांचे व विश्रांतीचे वेगवेगळे प्रयोग केले गेले. उत्पादन वाढले. त्यावरून जगभर शिकविले गेले, की कामगाराला पगारापेक्षा आपुलकीचे लक्ष हवे असते. कामगाराच्या कानाला हे गोड लागते आणि मालकाच्या खिशालाही! परंतु त्या पाचांपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत बदलून दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, आणि मजुरीची पद्धतही त्या लहान गटापुरती बदललेली होती. १९६७ साली अॅलेक्स केरी या अभ्यासकाने हे सारे उकरून काढले. पाच मुली, त्यांतल्या दोन बदललेल्या, त्यात मजुरी वेगळी. एवढ्यावर साऱ्या श्रमिकांच्या मनाचा सिद्धांत!

मानसशास्त्रज्ञांनी आपले घर स्वतःच झाडून पाहिले, ही त्यांची थोरवी मानली पाहिजे. २०१५ साली शेकडो संशोधकांनी मिळून शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ‘परिणाम आढळला’ असे म्हटले होते; पुन्हा करताना तो केवळ ३६ टक्क्यांत आढळला. याचे एक कारण समजण्यास सोपे आहे. वीस वेळा पाहिल्यास सुमारे एकदा यदृच्छेनेही दिसेल, एवढी चूक शास्त्रात सहसा चालवून घेतात. मग वीस जणांनी वीस निरर्थक गोष्टी तपासल्या, तर एकाला ‘शोध’ लागतो. तो छापला जातो. एकोणीस कागद कपाटात राहतात. कपाटातले कागद बाहेर आल्याखेरीज छापलेल्याची किंमत ठरत नाही.

आकड्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शंभरांत चौसष्ट बरे होतात, हे गावाला सांगता येते. समोर बसलेला मनुष्य त्या चौसष्टांतला की छत्तिसांतला, हे आकडा सांगत नाही. त्याच्याजवळ बसावेच लागते, त्याचे ऐकावेच लागते. परंतु किती समुपदेशक नेमावेत, आरोग्य केंद्रात कोणता उपचार ठेवावा, कोणाला कामावरून काढू नये, हे निर्णय शेकडो लोकांविषयीचे असतात. ते एका हृदयद्रावक कथेवर किंवा एका अधिकाऱ्याच्या अनुभवावर सोडणे धोक्याचे आहे.

म्हणून श्रोतेहो, यापुढे ‘शास्त्राने सिद्ध झाले आहे की माणसाचे मन असे’ हे वाक्य कानावर आले, तर चार प्रश्न विचारा. किती जण पाहिले? त्यांची निवड कशी केली? तुलनेला कोण होते? आणि पुन्हा करून पाहिले काय? हे विचारण्यास पदवी लागत नाही. काट्यावर कापूस घालताना आपण पारडे आधी रिकामे सारखे आहे ना, हे पाहतो. तेवढीच दक्षता येथे पुरे. उत्तरे मिळाली तर त्या शास्त्राचा मान राखा. मिळाली नाहीत, तर ज्याच्या मनाविषयी ते विधान केले असेल, तो शेतकरी, तो कामगार, ते शाळकरी पोर, यांच्या बाजूने उभे राहा; कारण पुरावा आणण्याचे काम त्यांचे नाही, विधान करणाऱ्याचे आहे.